तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि बाबागाडी

‘आम्ही ठाण्यात नौपाड्यात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा अडीच महिन्यांचा आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे एक सुंदर बाबागाडी आहे. तिचे आसन काढून त्या जागी पाळणा बसवता येतो आणि कारमध्ये लावायचे आसनही त्याच सांगाड्यावर बसते. दुकानात तिची किंमत २८ हजार रुपये सांगितली आणि वजन १३ किलो. यजमान ती घ्यायच्या मताचे आहेत. अमेरिकेतल्या नणंदबाई डिसेंबरात येणार आहेत, त्या तिकडूनच एखादी आणते म्हणतात. सासूबाईंना मात्र हे काहीच पसंत नाही. “गाडीत पोर एकटं पडतं, त्याला कडेवर घ्यावं,” असे त्यांचे म्हणणे. बाळ सहा महिन्यांचे झाले की मला कामावर रुजू व्हायचे आहे, तेव्हा दिवसभर त्याच त्याला सांभाळणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. बाबागाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?’
— एक आई, नौपाडा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. सहा महिन्यांनंतर दिवसभर बाळ ज्यांच्या हाती असणार, त्यांचे गुडघे दुखतात आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाबागाडीची चर्चा घरात सुरू झाली की रंग, चाके, किंमत आणि शेजारच्यांची गाडी यांवर सगळे बोलतात. ती रोज कोण उचलणार, हा प्रश्न मात्र गाडी घरी येऊन पंधरा दिवस झाल्यावर निघतो. तुमच्या घरी तो आधीच काढू या, कारण माझ्या मते तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

जुन्या इमारतीत मजल्याला सतरा-अठरा पायऱ्या धरल्या तरी तुमच्या दारापर्यंत पन्नासच्या वर पायऱ्या होतात. सहा महिन्यांचा मुलगा साधारण साडेसात-आठ किलोचा असतो. त्याला कडेवर घेऊन १३ किलोची गाडी खाली न्यायची म्हणजे एकवीस किलो झाले, आणि वर कठडा धरायला हात मोकळा नाही. दोन खेपा करायच्या म्हटल्या तर पहिल्या खेपेला बाळ कोणाजवळ ठेवायचे आणि दुसऱ्या खेपेला गाडी कोणाच्या भरवशावर सोडायची, हा पेच उरतोच. सासूबाईंना हे जमणार नाही, आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही आठवड्यातून एकदाच जमेल. गाडी दिवाणखान्यात उभी राहील, तिच्यावर वाळलेली दुपटी पडतील आणि ‘एवढे पैसे घातले’ हे वाक्य घरात अधूनमधून ऐकू येईल.

मैत्रिणीची गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि घोडबंदरच्या बहुतेक नव्या संकुलांसारखी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, सपाट बाग असेल तर तिची गाडी घराच्या दारापासून बागेतल्या बाकापर्यंत एकदाही उचलावी लागत नसणार. तेथे १३ किलोचा भार चाकांवर असतो, तुमच्याकडे तो मनगटांवर येईल.

घडी होणाऱ्या हलक्या गाडीचा जन्मच मुळी या तक्रारीतून झाला आहे. इंग्लंडमध्ये ओवेन मॅक्लारेन नावाचे एक निवृत्त विमान अभियंता होते, दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. मुलगी नातवंडाला घेऊन आली तेव्हा जड बाबागाडी बाळगताना होणारी तिची तारांबळ त्यांनी पाहिली, आणि १९६५ साली अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, सुमारे पावणेतीन किलोची गाडी तयार केली. आज दुकानात ज्यांना ‘अंब्रेला स्ट्रोलर’ म्हणतात त्या गाड्या याच कुळातल्या. आताच्या गाड्यांना छत, टोपली आणि पाठ झुकवण्याची सोय आल्यामुळे त्या पाच ते सात किलोंपर्यंत जातात. तुमच्यासाठी वरची मर्यादा मी सात किलोच ठेवीन, आणि दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या वजनावर न थांबता खोक्यावर छापलेले वजन वाचा.

आता बाळाच्या बाजूने पाहू. अडीच महिन्यांच्या बाळाची मान धरलेली नसते. ती साधारण चौथ्या महिन्यापर्यंत धरते आणि आधाराशिवाय बसणे सहाव्या महिन्याच्या आसपास, काहींचे त्याहून उशिरा सुरू होते. त्याआधी बाळाला अर्धवट बसत्या आसनात ठेवले की हनुवटी छातीवर येते आणि एवढ्याशा श्वासनलिकेला तेवढा दाबही पुरतो. म्हणून तोपर्यंत गाडी वापरायची असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच हवी. ‘पाठ मागे जाते’ आणि ‘पाठ आडवी होते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात त्या सर्रास एकच म्हणून सांगितल्या जातात. बहुतेक हलक्या गाड्या पूर्ण आडव्या होत नाहीत, त्यामुळे तुमच्या परिस्थितीत आज गाडी घ्यायची घाईच करू नये. ती तीन-साडेतीन महिन्यांनी, बाळ बसू लागेल तेव्हा घ्यावी.

म्हणजे सध्यापुरते सासूबाईंचे म्हणणे मला मान्य आहे. दोन्ही हात मोकळे हवे असतील तर अंगाशी बांधायची कापडी झोळी किंवा बेबी कॅरिअर वापरता येईल, पण चार महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागते. बाळ उभे आणि अंगाला घट्ट असावे, त्याचा चेहरा तुम्हाला मान न वळवता दिसावा, मान खाली केली की त्याच्या कपाळाचा मुका घेता यावा इतक्या उंचीवर ते असावे आणि त्याच्या हनुवटीखाली बोटभर जागा राहावी. झोळीच्या कापडाने नाक-तोंड झाकले जाता कामा नये. बाळ वेळेआधी जन्मलेले किंवा फार कमी वजनाचे असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सासूबाईंचे दुसरे म्हणणे, ‘गाडीत पोर एकटं पडतं’, हेही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २००८ साली झालेल्या एका अभ्यासात दिसून आले, की बाळाचे तोंड आपल्याकडे असलेली गाडी ढकलताना आईवडील त्याच्याशी कितीतरी अधिक बोलतात. तोंड रस्त्याकडे असले की संवाद आटतो. आपल्याकडे मिळणाऱ्या मध्यम किमतीच्या काही गाड्यांचा दांडा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला फिरवता येतो, त्यामुळे आसन न हलवता बाळ आपल्यासमोर येते. सासूबाईंच्या मनातली अडचण याने बरीचशी दूर होईल. यात एक खोच मात्र आहे, जी विक्रेता सांगत नाही. दांडा उलटा केला की वळणारी पुढची चाके मागे जातात आणि न वळणारी पुढे येतात, मग तीच गाडी वळवायला हट्टी होते. दुकानात दांडा दोन्हीकडे करून, एकदा एका हाताने वळण घेऊन पाहा. काही गाड्यांत ही चाके पिन दाबून स्थिर करण्याची सोय असते, ती असल्यास उत्तम.

चाकांवर थोडे अधिक लिहितो, कारण आपले रस्ते बाबागाडीची परीक्षा तेथेच घेतात. घरातून निघून कचराळी तलावाला किंवा तलावपाळीला फेरी मारायची म्हटली, तर तलावाभोवतीची फरसबंदी चांगली आहे, पण तेथवर पोहोचायचे असते. मध्ये उखडलेले पेव्हर ब्लॉक लागतात, पदपथावर चढवलेल्या दुचाक्या लागतात, गटारावरच्या लोखंडी जाळ्या लागतात आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पदपथ संपून पुन्हा सुरू होतो. अशा ठिकाणी चाकाचा व्यास सर्वांत जास्त उपयोगी पडतो. पाच सेंटीमीटरचा उंचवटा समोरून चढायचा असेल तर १५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी जोर २५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला लागतो. ही साधी शाळेतली भूमिती आहे, पण ती आपल्याला गोखले रोडच्या कडेला उभे असताना पटते. अर्थात मोठी चाके म्हणजे वजन आणि मोठी घडी. तुम्हाला मधला मार्ग काढावा लागेल. मागची चाके १७-१८ सेंटीमीटरच्या आसपासची, कडक प्लॅस्टिकऐवजी फोमची किंवा रबरी धावेची असावीत. हवा भरायच्या टायरच्या मोहात पडू नका, पंक्चर काढायला सायकलवाल्याकडे बाळासकट जावे लागते. जाळीच्या फटीत चाक अडकू नये यासाठी जाळी सरळ न ओलांडता किंचित तिरपी ओलांडावी. आणि उंचवट्यावर गाडी पुढून ढकलण्याऐवजी पाठमोरे होऊन मागची चाके आधी चढवावीत, हे सासूबाईंना एकदा करून दाखवा.

दुकानात जाताना पाच किलो तांदळाची बंद पिशवी बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू दे. पिशवी आसनात ठेवा, पट्टे लावा आणि दुकानाच्या बाहेर, खऱ्या रस्त्यावर दहा-वीस पावले चाला. दुकानातल्या टाइल्सवर प्रत्येक गाडी लोण्यासारखी चालते. मग पिशवी काढून डाव्या कडेवर बाळासारखी घ्या आणि उजव्या हाताने गाडीची घडी घाला, उचला आणि दुकानाची पायरी चढा. जेथे दोन्ही हात लागतात, जेथे गुडघ्याने ढकलावे लागते, जेथे घडी आपोआप उघडते, ती गाडी परत जागेवर ठेवा. हा प्रयोग तुम्ही केलात तर अर्धा उपयोग. तो सासूबाईंनी करायला हवा, म्हणून त्यांना बरोबर न्या, आणि त्या दिवशी त्यांनी रोजची साडी आणि रोजचीच चप्पल घातलेली असावी. त्याचे कारण असे, की अनेक गाड्यांचा ब्रेक पायाने खाली दाबून लागतो, पण सोडताना अंगठ्याने वर उचलावा लागतो. बुटात ते सोपे असते, चपलेत अंगठा सोलतो, आणि मग माणूस नकळत ब्रेक लावणेच टाळू लागतो. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक निवडा, एका दाबात मागची दोन्ही चाके बांधली जातात हेही पाहा. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाते, तेव्हा बाहेर पडण्यापूर्वी ती खोचून घेण्याची सवय घरातल्या सर्वांनीच लावावी. दांड्याची उंची सासूबाईंच्या कोपराच्या थोडी खाली येत असेल तर त्यांना वाकावे लागणार नाही. यजमान उंच असतील तर त्यांना थोडे वाकावे लागेल, त्यांनी वाकावे.

पट्टे पाच ठिकाणी बांधले जाणारे असावेत, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. तीन ठिकाणच्या पट्ट्यांतून बाळ खाली घसरते. बिजागऱ्यांवर आवरण आहे का ते पाहा, आणि गाडी उघडताना-मिटताना बाळ हाताच्या अंतराबाहेर ठेवा. बाळाच्या बोटांची टोके बिजागरीत सापडून तुटल्याच्या तक्रारींनंतर २००९ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे १० लाख घडीच्या गाड्यांसाठी बिजागरीची आवरणे द्यावी लागली होती, आणि त्या गाड्या काही स्वस्त नव्हत्या. खोक्यावर ‘ईएन १८८८’ हे युरोपीय किंवा ‘एएसटीएम एफ८३३’ हे अमेरिकी मानक छापलेले असेल तर ती जमेची बाजू समजा.

दांड्याला पिशवी अडकवू नका. हे मी अनुभवाने सांगतो. नव्वदच्या दशकात आम्ही वाशीला सिडकोच्या चार मजली इमारतीत राहत होतो, लिफ्ट अर्थातच नव्हती आणि गाडी एका नातेवाइकाकडून वापरून झालेली मिळाली होती. एका संध्याकाळी बाजारातून येताना मी दांड्याला दोन किलो कांदे, एक नारळ आणि डझनभर केळी अडकवली. इमारतीच्या दाराशी मुलीला उचलायला वाकलो, तिला उचलले, आणि पुढचे वजन गेल्याबरोबर गाडी मागच्या मागे उलटली. कांदे जिन्याखाली गेले. ती आत असताना पिशवीचे वजन एखाद-दोन किलोने अधिक असते तर, हा विचार त्या रात्री बराच वेळ सोबतीला होता. सामान आसनाखालच्या टोपलीत ठेवावे, टोपलीत मावत नसेल ते आपल्या खांद्यावर.

उन्हाबद्दल एकच सूचना, पण ती पाळाच. बाळावर ऊन येते म्हणून गाडीवर शाल, दुपटे किंवा मलमलचे पातळ कापड टाकू नका. आतली हवा खेळती राहत नाही, तापमान पाहता पाहता वाढते, आणि बाळ दिसतही नाही. छत मोठे असावे, कापड फिकट रंगाचे असावे आणि मे महिन्यात अकरा ते चार या वेळात बाहेर पडूच नये. मच्छरदाणी चालेल. पावसाळ्याचे प्लॅस्टिकचे आवरण पाऊस थांबताच काढायचे. आसनाचे कापड सुटे होऊन धुता येणारे हवे, ही बाब आपल्या हवेत चैनीची नाही. जुलै महिन्यात ओलसर राहिलेल्या कापडावर आठवड्यात बुरशी धरते. गर्दीच्या रस्त्याने जाताना बाळाचा चेहरा मोटारींच्या धुराच्या नळकांड्यांच्या पातळीला असतो हे लक्षात ठेवून, सिग्नलला थांबायचे असेल तर कडेपासून चार पावले मागे थांबावे.

तुमच्याकडे कार असेल, तर त्या २८ हजारांच्या गाडीतला एक भाग मात्र खरोखर घेण्यासारखा आहे, आणि तो म्हणजे कारमधले आसन. ते वेगळे मिळते. कारमध्ये बाळ मांडीवर घेणे सुरक्षित नाही, मांडी कितीही मायेची असली तरी अचानक ब्रेक लागला की हातांची पकड टिकत नाही. आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड कारच्या मागच्या बाजूला येईल असे लावायचे, आणि घरी पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला त्यातच तासन्‌तास ठेवायचे नाही. पाठीवर, सपाट गादीवर निजवायचे. बाबागाडीतल्या झोपेलाही हाच नियम लागू आहे. आणखी एक गोष्ट, कार सीएनजीची असेल तर डिकीत टाकी असते. मोठी बाबागाडी घेण्याच्या विचारात असलेल्या यजमानांना डिकीची उरलेली जागा टेपने मोजायला सांगा, मला वाटते बराच वाद तेथेच मिटेल.

नणंदबाईंना नाही कसे म्हणायचे, हा तुमच्या पत्रात न विचारलेला प्रश्न मला ओळींमधून दिसला. त्यांना मोकळेपणाने सांगा, की गाडीचे चाक किंवा पट्ट्याचे बक्कल तुटले तर त्या कंपनीचा सुटा भाग ठाण्यात मिळणार नाही, तेव्हा गाडी आम्ही येथूनच घेतो आणि तुम्ही कारचे आसन घेऊन द्या, तेही येथेच, येथल्या कारला बसवून पाहून. त्यांच्या भेटीचा मान राहील आणि तुमच्या दिवाणखान्यात वाट अडणार नाही. कोणी वापरलेली गाडी देऊ केली तर तीही घ्यायला हरकत नाही, फक्त ब्रेक, बक्कल आणि घडीचा खटका तिन्ही तांदळाची पिशवी ठेवून तपासा. खटका ढिला असेल तर फुकटही घेऊ नका.

राहता राहिले ते पन्नास पायऱ्यांचे. सात किलोची गाडीसुद्धा सासूबाईंनी बाळासकट रोज चढवू नये, तेव्हा ती तळमजल्यावर ठेवण्याची परवानगी सोसायटीच्या सचिवांकडे आताच मागा, गाडी घेतल्यावर मागितली की ती तक्रार ठरते. जिन्याची वाट अडता कामा नये आणि विजेच्या मीटरच्या पेटीजवळ ती ठेवू नये. पहिल्या मजल्यावरच्या कोणा शेजाऱ्यांशी घरोबा असेल तर त्यांच्या दाराआड मिटलेली गाडी उभी राहू शकते, आणि सासूबाईंना रोज चार शब्द बोलायला एक दारही मिळेल. खाली ठेवणार असाल तर आसनाचे कापड रोज वर नेत जा, नौपाड्याच्या जुन्या इमारतींतल्या उंदरांना बिस्किटाचा चुरा लागलेली गादी फार आवडते. कुलूप सायकलचे चालेल, मात्र साखळी चाकातून न ओवता सांगाड्याच्या नळीतून ओवा, कारण बहुतेक गाड्यांची चाके एक बटण दाबले की निघतात.